चौघींचं एक हेल्मेट

सर एकदा बोलले की परत बोलत नाहीत, हे कॉलेजच्या मैदानावर सगळ्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी मुलींच्या रिले संघाला बोलावून सांगितलं, "उद्यापासून जी हेल्मेटशिवाय गाडीवर येईल ती ट्रॅकवर पाय ठेवणार नाही," तेव्हा चौघींनी निमूटपणे माना हलवल्या. एकीनेही वाद घातला नाही. सरांना तिथेच शंका यायला हवी होती. या चौघी एरवी पाण्याच्या बाटलीवरूनही भांडत.

वाद आदल्या आठवड्यात भरपूर झाला होता. पहिल्या टप्प्याला धावणारी गोळी, नावाप्रमाणेच सुटायची आणि बोलायचीही तशीच. ती म्हणाली होती, "सर, मानेवर वजन येतं हो. मान आखडली की खांदा आखडतो, खांदा आखडला की हात. मग तुम्हीच ओरडाल, हात का हलत नाहीत म्हणून."

"माझ्या मापाचं दुकानात मिळत नाही," दुसऱ्या टप्प्याची लांबी म्हणाली. तिची उंची सरांपेक्षा जास्त होती.

"तुझ्या मापाचं डोकंच कुठे मिळालंय तुला," असं म्हणणारी तिसऱ्या टप्प्याची बडबडी. तिच्या तोंडाचा पट्टा धावतानाही बंद नसायचा. "सर, आत डोकं शिजतं. परवा दादाचं घालून पाहिलं. विचार सुचेनात."

"आधी कुठे सुचायचे?" लांबीने उट्टं काढलं.

आणि शेवटच्या टप्प्याची शेपूट. सगळ्यांच्या मागून धावते म्हणून शेपूट. ती सरांची मुलगी. घरी ती त्यांना बाबा म्हणायची आणि मैदानावर सर, आणि यात तिची कधी गफलत होत नसे. ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली होती, "सर, पडतात ते तोल जाणारे. आम्ही दिवसभर तोलच सांभाळतो. समोर काही आलं तर आम्ही चुकवू."

बाकीच्या तिघींनी यावर मोठ्याने 'हो' म्हटलं नाही. त्या जमिनीकडे बघत राहिल्या. सरांची बायको वर्षभरापूर्वी मोपेडवरूनच पडून गेली होती, हे त्यांना माहीत होतं. चौघी मिळून तेव्हा सरांच्या घरी आल्या होत्या, आणि बडबडी त्या दिवशी एक शब्दही बोलली नव्हती.

त्या दिवशी सरांची बायको कोपऱ्यावर दूध आणायला निघाली होती. "आत्ता येते," म्हणाली. दाराजवळच्या खुंटीवर तिचं राखाडी हेल्मेट होतं. लांब जायचं असेल तर ती ते न चुकता घालायची. कोपऱ्यापर्यंत कशाला, म्हणून राहू दिलं. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी होती आणि गाडीतल्या माणसाने उतरायला दार उघडलं. एवढंच झालं. ती वेगात नव्हती. माणूसही वाईट नव्हता. दवाखान्यात तो सरांच्या शेजारी बाकावर बसून राहिला होता, स्वतःच्या हाताकडे बघत. त्याने मागे पाहिलं नव्हतं, तेवढं एक सोडलं तर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं सरांकडे काही नव्हतं.

हेल्मेट खुंटीवरच राहिलं. सर दर रविवारी ते खाली काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि परत टांगायचे. मुलीने ते पाहिलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

एकदाच बोलली. सरांनी जेवताना विषय काढला, तेव्हा ताटातली भाजी बाजूला सारत ती म्हणाली, "बाबा, आईला जिना उतरतानाही कठडा लागायचा. मी तिच्या जागी असते तर चुकवलं असतं. तुम्हालाही माहितीये."

मैदानावर एका वाक्यात गप्प करणारा माणूस आपल्याच स्वयंपाकघरात शब्द शोधत बसला. माहीत त्यांना एवढंच होतं की ही पोरगी रोज सकाळी उघड्या डोक्याने त्याच गल्लीच्या तोंडावरून जाते, आणि ती मैदानावर पोचेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. बायको गेली, ते त्यांनी कसंबसं पचवलं होतं. हे दुसरं पचणार नव्हतं. पण हे जेवणाच्या टेबलावर म्हणायचं कसं? ते उठले आणि भांडी घासायला लागले. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी तो नियम काढला.

नियम चालला. फाटकावरच्या मामांनाही सूचना गेली होती: हेल्मेट नाही, आत प्रवेश नाही. मामा म्हणजे कॉलेजचे रखवालदार. अंगाने भरलेले, मिशा झुपकेदार, आणि कामात कडक. रोज सकाळी चौघी एकामागून एक आत यायच्या, चौघींच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. मुलगी घरून निघायची तेव्हा सर मैदानावर पोचलेले असायचे, त्यामुळे त्यांना तेवढंच दिसायचं, आणि ते खूश होते. त्यांना ट्रॅकवरची एकच गोष्ट छळत होती.

तिसरा बदल, म्हणजे बडबडीकडून शेपटीकडे जाणारा, जमत नव्हता. रिलेमध्ये सगळा खेळ बदलाचा असतो. मागून येणारी ठरलेल्या खुणेवर पोचली की पुढची सुटते, मागे न बघता. मागची 'घे' म्हणते, पुढची हात मागे टाकते, तळहात वर, आणि बॅटन हातात पडतो. पुढचीने वळून पाहायचं नसतं. पाहिलं की पाऊल मंदावतं, आणि जिंकलेली शर्यत तिथेच जाते. शेपूट वळून पाहत होती. आई गेल्यापासून, गेलं वर्षभर, दर वेळी, अगदी थोडीशी, हनुवटी खांद्याला लागेल इतकीच. आधी ती कधीच पाहायची नाही. बडबडी चिडायची, "अगं, मी येणार आहे! कुठे पळून जाणार आहे का बॅटन घेऊन?" शेपूट म्हणायची, "मी पाहिलंच नाही." सरांना कारण कळत होतं. त्यावर उपाय कुठला करायचा, ते कळत नव्हतं.

आंतर-कॉलेज स्पर्धा जवळ आली. एका सकाळी सर लवकर येऊन वरच्या मजल्यावर साहित्याच्या खोलीत हर्डलचे पाय घट्ट करत बसले होते. खोलीला मलमाचा आणि जुन्या चटयांचा वास होता. हवा यावी म्हणून त्यांनी खिडकी उघडली. खिडकीतून कुंपणाची कंबरेएवढी भिंत दिसायची, भिंतीबाहेरचा रस्ता आणि पुढे फाटक.

गोळी आली. डोक्यावर लाल हेल्मेट. मामांनी हात केला, ती आत गेली, गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि भिंतीशी जाऊन ते बाहेर दिलं. बाहेर लांबी गाडीवर बसून होती, उघड्या डोक्याने. तिने लाल हेल्मेट चढवलं आणि निघाली. लांबी आत आली, भिंतीशी गेली, हेल्मेट बाहेर. बडबडीने ते घातलं. तिच्या दादाचंच होतं ते, तिच्या नाकापर्यंत आलं. मामांना सलाम ठोकून ती आत शिरली.

मग शेपूट. ती थांबलेलीही नव्हती. ती भिंतीच्या कडेने मोपेड सावकाश चालवत येत होती, नजर सरळ मामांवर. आतल्या बाजूने बडबडी वाकून तिच्याबरोबर धावत होती. बडबडीचे ओठ हलले. त्याच क्षणी शेपटीचा डावा हात मागे आला, तळहात वर. मान तसूभरही वळली नाही. हेल्मेट हातात पडलं, एका झटक्यात डोक्यावर गेलं, पट्टा लोंबतच राहिला, आणि ती मामांना "शुभ प्रभात" म्हणत आत आली.

इतका स्वच्छ बदल सरांनी आपल्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना क्षणभर वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. मग डोक्यात तिडीक गेली. आणि मग ते हर्डलवर बसले आणि पोटभर हसले, वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसावे लागले, तेव्हा ते उठले.

आधी ते फाटकावर गेले.

"मामा, पोरी तुम्हाला रोज चुना लावतायत."

ऐकून मामांचा चेहरा पडला. "मी म्हणतच होतो, चौघी लालच कसं घेतात. मला वाटलं, संघाचा गणवेश असेल."

"आज एक तास सुट्टी काढा. मैदानावर तुमचं काम आहे."

"त्यांना ओरडायचंय का? मी चांगला ओरडतो."

"ओरडायचं नाही. धावायचंय."

मैदानावर चौघी रांगेत उभ्या होत्या. सरांनी लाल हेल्मेट त्यांच्यासमोर गवतावर ठेवलं. बडबडीने हेल्मेटकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते तोंड मिटलं.

"सर, आम्हाला संघातून काढणार?" गोळीने एका दमात विचारून टाकलं.

"काढलं तर शर्यत धावणार कोण, मी? तुमचा बदल पाहिला. सुरेख आहे." चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. "आज आपण गवतावर सराव करू. तिसऱ्या टप्प्याला बडबडीऐवजी मामा धावतील."

मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते. पायांत ड्युटीचे बूट तसेच होते.

"मामा, शेवटचे कधी धावलात?" लांबीने विचारलं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी. पण पकडलं मला."

शेपूट खुदकन हसली. तिने बोटं मोडली, हात झटकले. "चालेल, सर. मामांकडूनही घेईन. माझा हात जागेवर असेल."

"खूण तुझी तू ठरव."

तिने मामांच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि खूण अगदी जवळ लावली. सरांनी शिट्टी वाजवली. मामा निघाले. आणि कुणाला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेगाने निघाले. मिशा वाऱ्यावर, बूट धपाधप. ते खुणेवर आले तेव्हा शेपूट सुटली खरी, पण तिने वेग धरायच्या आतच ते तिच्या मागे येऊन ठेपले. 'घे' म्हणायचं त्यांना सांगितलं होतं, ते त्यांच्या ध्यानातून गेलं. त्यांनी तिच्या हातावर बॅटन आपटला. तिने पकडला. अगदी बरोबर पकडला. पण नवख्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सरांनी मुद्दाम सांगितली नव्हती का, की विसरले होते, हे त्यांना नंतरही नीट ठरवता आलं नाही. नवखा माणूस बॅटन सोडत नाही.

मामांनी सोडला नाही. शेपूट पुढे, हात मागे, मधे लाकडाचा तुकडा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मामांचं सगळं वजन. ती जागच्या जागी गरकन फिरली, पाय उचलले गेले आणि ती खांद्यावर पडली. डोकं गवतावर आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

सर कसे पोचले, त्यांचं त्यांना कळलं नाही. ती तोवर उठून बसली होती. कोपर सोललं होतं, केसांत गवत होतं, आणि ती रागाने लाल झाली होती.

"त्यांनी सोडलाच नाही! मी पकडला होता. माझी काय चूक?"

"काही नाही."

"माझा तोल गेला नव्हता!"

"नव्हता गेला," सर म्हणाले. ते तिच्यासमोर गवतावर बसले. "चुकवायचं राहिलं, असंही नाही. तू सगळं बरोबर केलंस."

मामा कावरेबावरे होऊन उभे होते, बॅटन अजून मुठीत. "पोरी, मला वाटलं, पडेल म्हणून धरून ठेवला गं."

मग सर बोलले, आणि या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत.

"तुम्ही चौघी दोन वर्षं एकमेकींबरोबर बदल घोटताय. एकीचं पाऊल दुसरीला झोपेत ओळखता येतं. म्हणून मागे न बघता हात टाकता येतो. रस्त्यावर ज्यांच्याशी गाठ पडते, त्यांच्यातल्या एकाबरोबर तरी सराव केलाय का? टेम्पोवाला, सायकलवरचा पेपरवाला, गाडीचं दार उघडणारा माणूस. ते सगळे मामांसारखेच. चांगले असतात. 'घे' म्हणायचं विसरतात."

शेपूट गवताची काडी मोडत होती.

"आईचाही तोल गेला नव्हता," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"नाही."

"मला वाटायचं, ती... मला वाटायचं, मी असते तर..."

"मी असतो तरी पडलो असतो. मी तर राज्य पातळीवर धावलोय."

तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुम्ही पाचवे आला होतात, बाबा."

मैदानावर ती पहिल्यांदाच बाबा म्हणाली. कुणी तिला हटकलं नाही.

"म्हणजे सर," बडबडीला आता राहवेना, "आपण चौघी सोडून सगळं जग मामाच आहे."

"ए!" मामा म्हणाले. "मी पळालो की नाही ते बघा ना! वेग कसा होता?"

"वेग उत्तम," सर उठत म्हणाले. "खूण लावणारीने तुमच्या पोटावर विश्वास ठेवला, ती तिची चूक. हेल्मेटबद्दल मी परत बोलणार नाही. माझं एकदा बोलून झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना निघायला उशीर झाला, ते अजून स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मुलीची मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला, पण गाडी हलली नाही. नुसती धडधडत राहिली. सरांना वाटलं, पेट्रोल संपलं असेल. ते गाळणं हातात घेऊनच दाराशी आले.

ती गाडीवर बसून होती, दाराकडे पाठ, नजर समोर गल्लीच्या तोंडाकडे. कोपराला पट्टी होती. आणि डावा हात मागे टाकलेला होता, तळहात वर.

सरांनी गाळणं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. आपलं काळं हेल्मेट द्यावं का, असं एकदा मनात आलं. ते नवं होतं, भारीतलं होतं. पण हात आपोआप खुंटीवरच्या राखाडी हेल्मेटकडे गेला. रविवारीच पुसलेलं होतं. त्यांनी ते उतरवलं, दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "घे."

ते तिच्या हातावर पडलं. तिने वळून पाहिलं नाही. हाताला ओळखीचं वाटलं असावं, कारण बोटं क्षणभर त्याच्या कडेवरून फिरली. मग तिने ते डोक्यावर चढवलं.

"पट्टा सैल आहे," ती म्हणाली. "आईची हनुवटी मोठी होती का?"

"बोलायची फार, म्हणून सैल ठेवायची. एक घर आवळ."

तिने आवळला. टक् असा आवाज झाला. गाडी हलली, गल्लीच्या तोंडाशी मंद झाली, दोन्ही बाजूंना बघून वळली. सर आत आले. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच उभ्याने प्यायला, आपलं हेल्मेट घातलं आणि निघाले.

शिक्षकांच्या मागच्या दाराने साहित्याच्या खोलीत पोचून त्यांनी आधी खिडकी उघडली. फाटकावर मामा रस्ता अडवून उभे होते. समोर चार मोपेड, आणि चार हेल्मेट. गोळीचं निळं, अजून किमतीची चिठ्ठी लोंबणारं. लांबीचं पांढरं, तिच्या मापाचं, म्हणजे बादलीएवढं. बडबडीच्या नाकापर्यंत दादाचं लाल.

"आज चार कशी?" मामा म्हणत होते. "कुणाची उचललीत? मला आता फसवायचं नाही. एकेक करून पट्टा ओढून दाखवा."

"मामा, आम्हाला उशीर होतोय हो!" बडबडी हेल्मेटच्या आतून ओरडली. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"होऊ दे. काल माझी पाठ आखडली तुमच्यापायी. आणि पुढचा सराव कधी, ते सरांना विचारा. मी आता सोडायला शिकलोय. घरी लाटण्यावर सराव केला."

एकेकीने पट्टा ओढून दाखवला. शेपूट सगळ्यांच्या मागे होती. मामांनी राखाडी हेल्मेटवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "कोण आहे आत?"

"शेपूट."

"जा."

ती आत आली. सरांनी पेटीतून बॅटन काढला, कालचं गवत त्यावर अजून चिकटलेलं होतं, ते अंगठ्याने काढलं आणि जिना उतरता उतरताच आवाज दिला, "आधी तिसरा बदल! बडबडी, शेपूट, खुणेवर चला!"